डार्क बिअर चिल्ड पिऊ नका बे (सहा बाटल्यांचा रिव्ह्यू)

माझा साळा बेल्जियममध्ये नोकरीला आहे, डिसेंबरात सुट्टीवर यायचा होता तेव्हा मी आधीच सांगून ठेवलं की बाबा चॉकलेट नको, आणायचीच तर तिकडची डार्क बिअर आण. कस्टमवाले माणशी २ लिटरच फुकट सोडतात, आणि ३३० मिलीच्या सहा बाटल्या म्हणजे बरोब्बर १९८० मिली, पठ्ठ्याने मोज्यांत गुंडाळून सहाच्या सहा धडधाकट आणल्या. गिनेस स्पेशल एक्सपोर्ट एक, शिमे ब्लू दोन, सेंट बर्नार्डस ॲब्ट १२ एक आणि रोशफोर १० दोन. नावातल्या १० नि १२ वर जाऊ नका, ते अल्कोहोलचे आकडे नाहीत, अल्कोहोल अनुक्रमे ८, ९, १० आणि ११.३ टक्के.

आता आपल्या इथे स्ट्राँग म्हटलं की काय, ८ टक्क्यांपर्यंतची पिवळी बिअर, दात शिवशिवतील इतकी गार आणि लवकर चढली म्हणजे पैसे वसूल. चव विचारतो कोण. शहरातल्या एका पबात मी मागे स्टाउट, म्हणजे भाजलेल्या जवाची काळी बिअर, मागवली होती तर त्यांनी ती फ्रीजरमधून काढलेल्या मगात आणली, वरून बर्फाचे तुकडे तरंगत होते, काळं पाणी प्यायल्यासारखं वाटलं आणि मी वर्षभर समजत होतो की मला स्टाउट आवडत नाही.

तर यावेळी नीट करायचं ठरवलं. जानेवारीतली रात्र, नागपुरात त्रिमूर्ती नगरात आमच्या गच्चीवर चार जण, पारा १० च्या आसपास, म्हणजे गच्चीच फ्रीज. एक मित्र वर्ध्याचा, त्याच्या जिल्ह्यात दारूबंदी त्यामुळे तो आधीच भावूक होऊन बसला होता. ग्लास म्हणून आईच्या शोकेसमधले ब्रँडीचे गोल ग्लास काढले, लग्नात आहेर आलेले, आजवर कोणी हात लावला नव्हता. एकाने हट्टाने स्टीलचा पेला घेतला, त्याला पहिल्या बाटलीत वासच आला नाही, मग गुपचूप ग्लास मागून घेतला. एक बाटली चौघांत म्हणजे माणशी ऐंशी मिली, लोक हसतील पण या बिअरला तेवढंच माप पुरतं.

पहिली गिनेस. आयर्लंडची साधी गिनेस ४.२ टक्क्यांची, ही बेल्जियमसाठी बनते आणि जवळजवळ दुप्पट जोराची. स्टाउटचा काळा रंग आणि कडूपणा येतो तो काळंभोर होईपर्यंत भाजलेल्या जवामुळे, आणि ते पहिल्या घोटातच कळतं, कोरी कॉफी, मग चुलीवर करपलेल्या भाकरीचा पापुद्रा असतो ना तसं काहीतरी, शेवटी जिभेवर कोरडं कोरडं. मला फार आवडली. वर्ध्याचा म्हणाला, "काऊन बे, कोळसा पाजून राह्यला का?" चव त्याने बरोबर पकडली होती, फक्त त्याला आवडली नाही.

मग खरा प्रयोग. शिमेच्या दोन बाटल्या होत्या म्हणून एक सरळ फ्रीजमधून काढून ओतली आणि दुसरी तासभर आधीच बाहेर काढून ठेवलेली. पहिली गोडसर, फेसाळ, ठीक. दुसरी ओतली आणि सगळे गप्प. खजूर, मनुका, थोडी काकवी, मागून लवंगेसारखं काहीतरी, आणि हे सगळं पहिल्या बाटलीतही होतंच की, फक्त गारठ्याने झोपलेलं. बिअर गार असली की तिचा वास नीट सुटत नाही आणि थंड पडलेल्या जिभेला गोडही नीट कळत नाही, म्हणून या बिअर साधारण १० ते १४ डिग्रीला प्यायच्या असतात. ही नाताळची बिअर म्हणून सुरू झाली होती, म्हणजे मुळात थंडीत हळूहळू प्यायचीच चीज. आणि हिचा रंग स्टाउटसारखा भाजण्यातून येत नाही, पाक काळपट होईपर्यंत कढवलेली साखर घालतात बेल्जियमचे बरेच लोक, त्यामुळे कॉफी कमी आणि सुकामेवा जास्त.

सेंट बर्नार्डसबद्दल थोडक्यात. वेस्टव्लेटरन गावात जो मठ आहे त्यांची बिअर ही कंपनी १९४६ पासून १९९२ पर्यंत लायसन्सवर बनवत होती, आता स्वतःच्या नावाने बनवते, मठाबाहेर बनते म्हणून ट्रॅपिस्टचा, म्हणजे मठात साधूंच्या देखरेखीखाली बनल्याचा, शिक्का नाही. आम्हाला शिमेपेक्षा गोल, म्हणजे मऊ वाटली, अंजिराची बर्फी आठवली. तळाचा गाळ मात्र मी शेवटच्या ग्लासात ओतून बसलो आणि तो साळ्याच्याच वाट्याला आला, "भाऊजी, पाहुण्याला गाळ?" यीस्टचा असतो तो, विषारी वगैरे नाही, पण शेवटचं बोटभर बाटलीतच सोडा.

आता रोशफोर. ११.३ टक्के असून घशाला जाळत नाही, छातीत ऊब उतरते तेवढीच. चॉकलेट, मनुका, चिक्कीचा पाक जरासा पुढे गेल्यावर जो वास सुटतो तो. ऐंशी मिली मला अर्धा तास पुरली आणि दर पाच मिनिटांनी नवीन काहीतरी लागत होतं. चारही बिअरींत पहिला नंबर हिचाच, चौघांचं एकमत, जे आमच्यात कशावरच होत नाही.

खाण्यात मात्र माती खाल्ली. नागपूरचे म्हणून सावजी मटण आणलं, आणि ते या बिअरबरोबर चालत नाही म्हणजे नाही, तिखटावर अल्कोहोल पडलं की आग दुप्पट होते, रोशफोरच्या एका घोटात डोळ्यांतून पाणी. मटण बाजूला सारलं नि घरात संत्रा बर्फी होती ती काढली, तर बाप्पा! शिमे आणि संत्रा बर्फी, हे कोणीतरी दुकानात एकत्र विकायला पाहिजे. गिनेसबरोबर नुसते भाजलेले शेंगदाणे बेस्ट.

मे महिन्यात ४५ डिग्रीत या बिअरच्या नादी लागू नका, तेव्हा तुमची पिवळी चिल्डच बरी. थंडीत मिळाली तर बाटली तासभर आधी बाहेर काढा, मोठ्या तोंडाचा ग्लास घ्या, एक बाटली दोघांत, आणि गाडी घरी ठेवा कारण चढतेय हे उठेपर्यंत कळत नाही.

दुसरी रोशफोर उघडली नाही. साळा म्हणतो ही वर्षानुवर्षं ठेवता येते, पण त्याला थंड तळघर लागतं आणि आमच्याकडे आहे कूलर. सध्या ती फ्रीजच्या भाजीच्या ट्रेमध्ये मेथीच्या जुडीखाली आडवी पडलीय, उभी ठेवायला हवी पण जागा नाही, आणि आई रोज विचारते की हा काढा कोणासाठी आणलाय.