फवारणीच्या पत्रकात शब्द रानातला घ्यावा की परिभाषा कोशातला?

तासगाव-मिरज भागातील द्राक्षबागायतदारांसाठी फवारणीचे माहितीपत्रक लिहायला बसणाऱ्यापुढे दोन प्रकारचे शब्द असतात: रानात रोज बोलले जाणारे आणि परिभाषा कोशातले. पहिले चटकन कळतात, हे खरे. परंतु वापरता वापरता त्यांचे अर्थ सरकलेले असतात आणि लिहिणाऱ्याने धरलेला अर्थच वाचणारा धरील, असे नसते.

‘पंप’ हा शब्द पाहावा. विहिरीवरचा आणि पाठीवरचा पंप यांतला फरक संदर्भाने कळतो, पण पुढे पंप हेच माप झाले: ‘पंपाला 30 मिली’. पंधरा लिटरच्या टाकीत हे प्रमाण लिटरला 2 मिली पडते, वीस लिटरच्या टाकीत दीड मिली, आणि ट्रॅक्टरच्या ब्लोअरने फवारणाऱ्याला त्यावरून काहीच ठरवता येत नाही. येथे ‘प्रतिलिटर 2 मिली’ असेच लिहावे.

‘औषध’ याहून अवघड आहे. आजारावरचा उपाय हा अर्थ शाबूत असतानाच ‘औषध मारले’ म्हणजे विष फवारले, असाही अर्थ रुळला आहे. मग ‘विषबाधा झाल्यास औषध द्यावे’ या वाक्यातून कोणी काय घ्यावे? ‘उतारा’ म्हणावे, तर सांगलीकडच्या शेतकऱ्याला आधी सातबारा किंवा कारखान्याचा साखर उतारा आठवतो. म्हणून ‘प्रतिविष’ हा कोशातला शब्द, अपरिचित असूनही, मला सरस वाटतो. सोबत ‘बाटली घेऊन लगेच दवाखान्यात जावे’ हे वाक्य मात्र हवेच.

तथापि, परिभाषेचा शब्द म्हणजे पक्का अर्थ, असेही नाही. 1968 चा कीटकनाशक कायदा बुरशीनाशकांना आणि तणनाशकांनाही लागू आहे. रानात मात्र कीटकनाशक म्हणजे किडीवरचे. डाऊनी या द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगाच्या पत्रकात ‘बुरशीनाशक’ असेच लिहावे. ‘सूक्ष्म सिंचन’ या शब्दात तुषार सिंचनही येते, त्यामुळे तेथे बोलीतला ‘ठिबक’ अधिक नेमका आहे. छाटणी, घड, विरळणी यांना पर्याय शोधूच नयेत.

माझा कौल असा: काम सांगताना रानातला शब्द, प्रमाण आणि धोका सांगताना एकार्थी शब्द, मग तो कोठलाही असो. दोन्ही आवश्यक वाटल्यास पहिल्या उल्लेखात ‘बुरशीनाशक, म्हणजे डाऊनीचे औषध’ असे जोडीने द्यावे आणि पुढे पत्रकभर ‘बुरशीनाशक’ हाच शब्द ठेवावा.