बर्लिन की जालना: डिझायनरनं कुठं बसून काम करावं?

परभणीचा मावसभाऊ महिनाभर एकच विचारायलाय, "दादा, जर्मनीला जाऊ, का इथंच राहून बाहेरची कामं धरू?" मी बर्लिनमध्ये तीन वर्षं काढून परत आलोय. आता छत्रपती संभाजीनगरात बसून तिकडची आणि जालन्याची, दोन्ही कामं करतो.

आधी पैशाचं, कारण सगळे तेच विचारतात. तिकडचा आकडा मोठा दिसतो. पण जाहिरातीतलं भाडं 'काल्ट' असतं, म्हणजे हीटिंग वगळून. खिशातून जातं ते 'वार्म'. आरोग्य विमा सक्तीचा. कलावंतांसाठी १९८३ पासून केएसके नावाची योजना आहे. तिच्यात नाव लागलं की विमा आणि पेन्शनचा साधारण अर्धाच भार आपल्यावर राहतो. ग्राफिक डिझायनर तिच्यात बसतो, हे आपल्या पोरांना माहीतच नसतं. फ्रीलान्सच्या परवान्यासाठी मात्र तिथल्या गिऱ्हाइकांची पत्रं जोडावी लागतात, आणि राहता पत्ता नोंदवायला घरमालकाची सही. ती मिळेपर्यंत मी जेरीस आलो होतो.

इथं बसून परदेशी बिल केलं तर जीएसटी शून्य दरानं. नोंदणी असेल तर एलयूटी, म्हणजे कर न भरता परदेशी बिल करण्याचं हमीपत्र, भरायचा. जर्मनीचं घड्याळ आपल्या मागं, उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार. म्हणजे सकाळ निवांत मिळते, फोन दुपारनंतर. अमेरिकेची कामं धरली तर रात्रीची झोप गेलीच समजा. 

खरा फरक मला कळला तो दोन टिंबांमुळं. एका दुकानाच्या पोस्टरवर 'schön', म्हणजे सुंदर, हा शब्द मोठ्ठा घ्यायचा होता. ओळी घट्ट बसवताना 'o' वरची टिंबं वरच्या ओळीत घुसायला लागली, म्हणून मी ती काढून टाकली. राहिलं 'schon', म्हणजे 'आधीच'. छपाई होईपर्यंत माझ्या डोळ्याला काहीच खटकलं नाही. आपल्याकडं कुणी अनुस्वार खाल्ला तर रस्त्याच्या पलीकडून दिसतो मला!

जालन्यात उलटं. बियाण्यांच्या कंपन्या तिथं भरपूर, पेरणीच्या आधी पाकिटांची नुसती झुंबड. मालक खुर्चीमागं उभा राहून म्हणतो, "बोंड मोठं कर, नाव अजून मोठं कर." वैताग येतो, पण मराठी 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे पडले तर ते मला दिसतं, आणि फॉन्टची भाषा मराठी करून मी ते सुधारतो. पैसे मात्र "दिवाळीनंतर बघू".

म्हणून मी कामाचा प्रकार बघतो. ॲप, मोशन (हलती ग्राफिक्स), चित्रं करत असाल तर परभणीतून काहीच अडत नाही, आणि जायचंच तर जाणंही सोपं. पाकिटं, पुस्तकं, मासिकं, म्हणजे अक्षरांचं काम असेल तर भाषा बऱ्यापैकी आल्याशिवाय जाऊ नका. बर्लिननं मला दिलं काय, तर "हे असंच का?" या प्रश्नाला उत्तर द्यायची सवय. ती खुर्चीमागच्या मालकाकडून मिळाली नसती.

मावसभावाची फाइल उघडली तर १२ पैकी ९ वाढदिवसाचे फ्लेक्स. त्यातले सात काढ म्हणालो. अजून रिप्लाय नाही.