कृष्णेतली नावेची फेरी (सांगली जिल्हा, भिलवडी-औदुंबर पट्टा): आठशे रुपये जास्त वाटत असतील तर आधी हे वाचा

रेटवरून सगळेच नाक मुरडतात म्हणून सुरुवात रेटनेच करते. माणशी ८०० रुपये, त्यात सकाळचा नाश्ता धरलेला, सात वर्षांखालचं पोर नावेत घेतच नाहीत त्यामुळे हाफ तिकीट वगैरे भानगड नाही. मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांची पहिली रिॲक्शन ठरलेली, "नदीत नुसतं बसायचे आठशे?" आमच्या सासूबाई तर निघायच्या आदल्या रात्रीपर्यंत म्हणत होत्या की औदुंबरला दत्ताचं दर्शन घेऊन नावेतनं पलीकडं भुवनेश्वरीला जाता येतंच की, त्याला कितीसे लागतात. त्यांचं चूक नाही, पण ती नाव तुम्हाला पैलतीराला सोडते आणि विषय संपतो, इथं अडीच तास एक माणूस तुम्हाला नदी दाखवतो आणि मुख्य म्हणजे जिवंत परत आणतो, नदीत मगरी आहेत हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको.

नाव आणि नंबर टाकत नाही, रिव्ह्यूत हे विचित्र दिसेल माहितीय, पण नाववाल्या दादांनीच सांगितलं की ताई ऑनलाइन नगा टाकू, एकदम गर्दी झाली की मला झेपत न्हाई. घाटावर कुणालाही विचारा, पाच मिनिटात कळतं.

माझी स्वतःची सांगलीत विश्रामबागला मेस आहे, त्यामुळे कुठं गेलं की आपोआप डोक्यात हिशोब सुरू होतो. सीझन साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर, म्हणजे पंधराएक आठवडे. पब्लिकसाठी फक्त शनिवार-रविवार, सकाळी एक फेरी आणि दुपारी एक, नावेत सहाच माणसं. सगळ्या जागा भरल्या तरी दिवसाचे ९६०० आणि आठवड्याचे १९२०० होतात. त्यातनं नाश्त्याचे माणशी दीडशे तरी धरा, दोन पोरं हाताखाली आहेत त्यांची सातशे-सातशे हजेरी, उरले दिवसाला ६४०० च्या आसपास. आणि हे पूर्ण भरलं तर हं! धुकं, लग्नसराई, ऐनवेळी कॅन्सल करणारी मंडळी, सगळं यातच. त्यातनं परत लाइफ जॅकेट बदलायची, नावेचं फायबर तडकलं की पॅच मारायचा, रंग, दोर, विमा. अख्ख्या सीझनची उलाढालच तीन लाखाच्या आत, तीसुद्धा कागदावर, आणि त्यावर माणूस वर्ष काढणार कसं? काढत नाहीच. घरी दोन म्हशी आहेत, थोडा ऊस आहे, आठवड्यात मधल्या वारी शाळांच्या सहली घेतात त्या निम्म्या पैशात. म्हणून ८०० ला महाग म्हणणाऱ्यांनी एकदा कॅल्क्युलेटर घेऊन बसावं, मला तर उलट वाटलं हजार करावेत, आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं सुद्धा. हसले नुसते.

आता फेरीबद्दल. इंजिन मागं आहे पण वापरत नाहीत, परतताना वारा उलटा पडला तरच. वल्ह्यावर त्यांचा पुतण्या असतो, गावच्या होड्यांच्या शर्यतीतला गडी, हात असा संथ चालतो की पाणी वाजत सुद्धा नाही. खालच्या बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असतात म्हणून हिवाळ्यात इथं पाणी तुंबून चांगलं खोल राहतं. हे पाणी मुळात कोयनेचं, कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला मिळते आणि तिथनं खाली उन्हाळ्यातली आपली नदी बरीचशी धरणाच्या विसर्गावरच चालते. कोयनेच्या पायथा वीजगृहातनं २१०० क्युसेक सोडलं की ताकारी-म्हैसाळ उपसा सिंचन योजनांच्या मोटारींना पाणी, आणि ते बंद झालं की काही दिवसात सांगलीत पात्र उघडं. दादा रोज सकाळी ते आकडे बघूनच फेरी ठरवतात, आपण शेअर बाजार बघतो तसं म्हणायचं होतं पण आपल्याकडे तो बघतो कोण.

नावेत बसायच्या आधी जॅकेट घालायला लावतात आणि नुसतं घालून चालत नाही, प्रत्येकाचा पट्टा स्वतः ओढून बघतात. आमच्याबरोबर पुण्याचं एक कुटुंब होतं, त्यांच्यातले एक काका जॅकेटची चेन उघडी ठेवून बसले, गरम होतंय म्हणे, डिसेंबरात! दादा काही बोलले नाहीत, हातातला दोर परत खुंटीला गुंडाळला आणि उभे राहिले. चेन लागली, दोर सुटला. त्याच कुटुंबाबरोबर एक भाचा जास्तीचा आलेला, "लहानच आहे, मांडीवर बसेल" असं चाललेलं, त्याला साफ नाही म्हटलं, तो आणि त्याची आई दुपारच्या फेरीला बसले. लोकांना हा ताठा वाटतो. मला नाही वाटत. २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला बोट उलटली तेव्हा आपण सगळे इथंच होतो, जास्त माणसं आणि अंगात जॅकेट नाही म्हणजे काय होतं ते या नदीकाठच्या माणसाला शिकवायची गरज नाही.

मगरी दिसल्या का? दिसल्या. नऊ-साडेनऊनंतर ऊन जरा तापलं की काठावर येतात, थंड रक्ताचं जनावर, अंग तापवायला उन्हाशिवाय दुसरी सोय नाही. आधी दिसला तो चिखलातला घसरा, मधोमध पोट ओढल्याची गुळगुळीत पट्टी आणि दोन्ही बाजूला पंजे, एकदम ताजा, कडेनं अजून पाणी झिरपत होतं. दादांनी नुसती बोटानं खूण केली आणि वल्हं थांबलं. पुढं वळणावर ती पडलेली, आठ फूट तरी असेल, जबडा सताड उघडा. पुण्याच्या काकू कुजबुजल्या की चिडलीय वाटतं, तर म्हणाले न्हाई, तापल्यावर आ करून बसती, तेवढीच डोक्याची गरमी निघती. दातात काहीतरी शेवाळासारखं अडकलेलं सुद्धा दिसत होतं, दुर्बीण ते देतात, एकच आहे पण चांगली आहे. सासूबाईंनी तिथंच हात जोडले, गंगेचं वाहन म्हणून.

मग काकांना फोटोसाठी ती हललेली पाहिजे होती. बिस्किटाचा पुडा काढला, टाकू का म्हणून. इथं मात्र दादांचा आवाज चढला, "पुडा आत ठेवा, न्हाईतर पुढच्या काठाला उतरवतो आनि पैसं परत देतो." नंतर शांतपणे जे सांगितलं ते मला सगळ्यात पटलं. मगरीला नावेकडून खायला मिळतं हे एकदा कळलं की ती माणूस बघून पळायच्या ऐवजी जवळ येणार, मग नावेतला माणूस घरी जातो पुण्याला, आणि घाटावर धुणं धुणारी बाई आणि रात्रीची लाइट आली म्हणून मोटार चालू करायला काठावर जाणारा शेतकरी तिच्या तावडीत सापडणार. तसं एकदा झालं की गाव नाव पण बंद करणार आणि मगरीला पण ठेवणार नाही. म्हणजे त्यांचा धंदा मगरीवर चालतो असं आपल्याला वाटतं, खरं तर तो चालतो गावानं मगर सहन केली तोवर. कुणाच्या उसात मगर शिरली की पहिला फोन यांनाच येतो, हे वनविभागाला कळवतात आणि त्यांची गाडी येईपर्यंत लोकांना लांब ठेवतात, त्याचे पैसे कुणी देत नाही. कोळ्यांची जाळी लावलेली असतात तिथनं नाव लांबून नेतात. हाताखालच्या दोन पोरांतलं दुसरं कोळ्याचंच आहे, त्यामुळे तिकडूनही कुरकुर नाही.

फेब्रुवारीअखेर बंद का, तर त्या सुमाराला माद्या अंडी घालायला काठावर येतात, काठाच्या मातीत खड्डा करून वीस-पंचवीस-तीस अंडी, दोनेक महिन्यांनी, पाऊस सुरू व्हायच्या आधी, पिल्लं बाहेर. त्या दिवसात मादी राखणीला असते आणि नाव सारखी तिथनं गेली तर तिला त्रास आणि आपल्याला धोका. कायद्यानं तर ती वाघाच्या बरोबरीची, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल एकमधली. मार्चमध्ये परीक्षा उरकून सुट्टीवाले फोन करतात, डबल पैसे देतो म्हणतात, हे घेत नाहीत. खरं तर तेव्हा गिऱ्हाईक सगळ्यात जास्त असतं!! पुढं जूनपासून पावसाळा म्हणजे विषयच नाही, सांगलीच्या आयर्विन पुलाला ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका असं आपण पाठ केलंय, २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं पाणी. त्या पुरात यांची पहिली लाकडी नाव गेली. आत्ताची फायबरची आहे ती दर मे महिन्यात ट्रॅक्टरवर घालून वरच्या गल्लीत नेऊन ठेवतात.

पक्षी भरपूर, पण मला त्यातलं फार कळत नाही, मुलीनं वहीत लिहिलेत. कवड्या खंड्या एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि दगडासारखा खाली पडतो ते बघून ती वेडीच झाली. नदी सुरय, चित्रबलाक, आणि लांब वाळूत चक्रवाकांची जोडी. वाळू म्हणजे आता उरलीय तेवढीच. उपशानं आणि वीटभट्टीच्या मातीनं काठ कसे खाल्लेत ते नावेतनं फार स्पष्ट दिसतं, रस्त्यावरनं नाही कळत. मातीचा काठ गेला की मगरीनं अंडी घालायची कुठं, हे दादा दोन वाक्यात सांगून गप्प होतात, भाषण नाही. पाण्याचंही तसंच. २०२३ मध्ये सांगलीजवळ मेलेल्या माशांचा खच पडलेला आठवत असेल, सांगलीचं सांडपाणी नदीत आणणाऱ्या शेरीनाल्याचं रडगाणं तर आपण लहानपणापासून ऐकतोय. यातलं काही त्यांच्या हातात नाही, पण शाळेच्या पोरांना फेरीच्या शेवटी एका बाटलीत नदीचं पाणी भरून उन्हात धरायला लावतात आणि आत काय दिसतं ते पोरांनाच विचारतात.

नाश्ता दादांच्या घरी, वहिनी करतात. ज्वारीची भाकरी, कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत, दही, वर ठेचा. भाकरी चुलीवरची आणि गरम, एक एक करून वाढत होत्या, आम्ही लाजायच्या पलीकडे खाल्लं. चहा मात्र फार गोड.

आता एक स्टार कापलाय तो का. ट्रिप सगळीच्या सगळी दादांच्या डोक्यात आहे. कुठं कपार आहे, कुठल्या वळणाला कुठली मगर बसते, कुठं खडक वर आलाय, सगळं. पुतण्या नाव झकास चालवतो पण तोंड उघडत नाही, मी मुद्दाम दोन-तीन प्रश्न त्याला विचारले तर "काकाच सांगतील" म्हणाला. मेसमध्ये माझा एकच आचारी होता तेव्हा तो गावी गेला की मला कुलूप लावायची पाळी यायची, त्यामुळे हे मला पहिल्यांदा दिसलं. दादांची पन्नाशी उलटलीय, नावेतनं उतरताना कंबर धरून उतरत होते. रविवारची दुपारची फेरी तरी पुतण्याला एकट्याला बोलायला लावा, आणि स्वतः मागं बसून ऐका, चुकला तर घरी गेल्यावर सांगा, असं मी म्हटलं. "त्यो लाजतो वं ताई." लाजेना का, दोन सीझनमध्ये सुटेल. नाहीतर हे सगळं, फेब्रुवारीत बंद करायची शिस्त, सहाच माणसं, गावाशी जमवलेलं, एका माणसाच्या कमरेवर उभं आहे.

दुसरं, ॲडव्हान्स घेत नाहीत, हे बदलायलाच पाहिजे. आमच्या दिवशी दुपारच्या सहापैकी चार जणांनी सकाळी दहाला मेसेज टाकून कॅन्सल केलं, पीठ मळून ठेवलेलं. निम्मे पैसे आधी यूपीआयनं घ्या, आदल्या संध्याकाळपर्यंत कॅन्सल केलं तर परत, नंतर नाही, आणि पाण्यामुळे त्यांनीच रद्द केलं तर पूर्ण परत. खरं येणारा माणूस याला कधी नाही म्हणत नाही. संडासची सोय त्यांच्या घरचीच आहे, स्वच्छ आहे पण एकच, तेव्हा बायकांनी निघायच्या आधी उरकून घ्या.

जाणाऱ्यांसाठी: सांगलीतनं नांद्रे-वसगडे-भिलवडी करून या, तासाभराच्या वर वेळ धरा कारण कारखाने चालू असतात आणि उसाच्या डबल ट्रॉल्यांच्या मागं अडकलात की अडकलात. सकाळची फेरीच घ्या, दुपारी मगरी दिसतात पण डोळ्यावर ऊन येतं. टोपी, पूर्ण बाह्या, भडक रंग नको. ड्रोन आणू नका, परत पाठवतात. गाडी शाळेच्या मैदानाला लावा, बांधावर लावली तर ट्रॅक्टरवाला शिव्या घालतो आणि त्याचं बरोबर असतं. फोन उचलला नाही तर सारखा लावत बसू नका, पाण्यावर असताना ते उचलत नाहीत, मेसेज टाका, संध्याकाळी म्हशींची धार काढून झाली की उत्तर येतं.