ठाण्यात राहायचं की इस्रायलला जायचं? बेने इस्राएल घरांसाठी एक आढावा

भारतात आज यहुदी जेमतेम चार-पाच हजार उरलेत, आणि त्यातले बहुतेक मुंबई-ठाण्यातले बेने इस्राएल, म्हणजे मूळचे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. इस्रायलमध्ये आपली माणसं त्याच्या कितीतरी पट आहेत. त्यामुळे मुलं दहावी-बारावीला आली की घरात विषय निघतोच. तिकडचे मामा म्हणतात, या. इकडची मावशी म्हणते, कशाला? दोघंही आपलं भलंच चिंतत असतात, पण दोघांच्याही बोलण्यातून अर्धंच चित्र कळतं.

रोजच्या धर्मपालनात फरक सगळ्यात जास्त जाणवतो. कोकणात आपल्या पूर्वजांना ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, त्यांचा घाणा बंद असायचा. घाणा स्वतःचा होता, म्हणून बंद ठेवता आला. आज शनिवारी ऑफिस असतं, क्लास असतो, परीक्षा असते, आणि सुट्टी मागावी लागते. टेंभी नाक्यावरच्या शाआर हाशामायिममध्ये, 1879 सालच्या त्या सिनेगॉगमध्ये, प्रार्थना होते, सण होतात, लग्नं होतात. ठाण्याचं हे मोठं भाग्य. मुंबईत मांडवीचं शाआर हारहामीम 1796 सालचं, पण त्याच्या आजूबाजूची आपली वस्ती केव्हाच उठून गेली. कोकणातल्या कित्येक गावांत तर मिन्यानसाठी, म्हणजे सामूहिक प्रार्थनेसाठी लागणारे दहा पुरुष जमवायचे म्हणजे मुंबईहून माणसं बोलवावी लागतात.

इस्रायलमध्ये शुक्रवारी दुपार उलटली की दुकानं मिटतात आणि बहुतेक शहरांत बसही थांबतात. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपवासाच्या दिवशी, रस्त्यावर गाडी दिसत नाही. रजेचा अर्ज नाही, कुणाला समजावणं नाही. मुलांना हिब्रू खेळता खेळता येते. इथे आपण प्रार्थना देवनागरीत लिहून पाठ करत आलो. एक मात्र सांगायला हवं. तिथे सगळं आयतं मिळतं म्हणून धर्म घरात टिकतोच असं नाही. ठाण्यात न चुकता सिनेगॉगला जाणारा तरुण तिथे शनिवारी समुद्रावर जातो, असं पुष्कळ घरांत झालंय. इथे किद्दुशसाठी, म्हणजे शब्बाथ-सणाला द्राक्षरसावर म्हणायच्या आशीर्वादासाठी, काळ्या मनुका रात्री भिजत घालायच्या, सकाळी कुस्करून गाळायच्या, तेव्हा ते सरबत तयार होतं. तिथे वाइनची बाटली कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. मनुका भिजवणाऱ्या घरातल्या मुलांना किद्दुश आदल्या रात्रीपासूनच ठाऊक असतो, आणि मला याचं मोल फार वाटतं.

आता कागदपत्रं. याच बाबतीत लोक सगळ्यात जास्त गाफील राहतात. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, कार्यालयाने बेने इस्राएलांच्या लग्नाआधी आई-आजीच्या वंशाची चौकशी करायचा हुकूम काढला होता. आपली माणसं 1964 साली जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. त्याच वर्षी क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, ठराव केला की बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत, आणि तो हुकूम मागे घ्यावा लागला. ही लढाई आपल्या आजी-आजोबांनी जिंकून ठेवली आहे. तरीही तिथे लग्न रब्बींच्या कार्यालयातच नोंदवलं जातं, नागरी विवाहाची सोय देशात नाही, आणि यहुदी असल्याचा पुरावा प्रत्येक स्थलांतरिताला द्यावा लागतो.

मिश्र विवाहाच्या घरांनी तर हे नीट समजून घ्यावं. यहुद्यांना इस्रायलमध्ये येऊन नागरिक होण्याचा हक्क देणाऱ्या परतीच्या कायद्यात 1970च्या दुरुस्तीनंतर एक आजोबा किंवा एक आजी यहुदी असली तरी नागरिकत्व मिळतं. लग्नासाठी मात्र आई यहुदी लागते. म्हणजे वडील पेणकर आणि आई दुसऱ्या धर्माची असेल, तर मुलगा तिथला नागरिक होईल, सैन्यात जाईल, पण त्याचं लग्न तिथे रब्बींच्या कार्यालयात लागणार नाही. सायप्रसला जाऊन लग्न करून यावं लागतं, नाहीतर धर्मांतराची लांबलचक प्रक्रिया करावी लागते. इथे 1954चा विशेष विवाह कायदा आहे, कुणाची आई कोण हे त्यात विचारत नाहीत. अशा घरांना माझा सल्ला स्पष्ट आहे: आधी मुलांशी मोकळं बोला, मग फॉर्म भरा. जायचं ठरलं, तर आईवडिलांचा आणि आजी-आजोबांचा केतुबा (लग्नाचा धार्मिक करार), सिनेगॉगचं पत्र, जन्मदाखले हे सगळं इथे असतानाच गोळा करा.

पोटापाण्याचं थोडक्यात सांगतो. तिथे सुरुवातीचे काही महिने सरकारी मदत मिळते, उलपान नावाच्या भाषावर्गात हिब्रू शिकवतात, सार्वजनिक आरोग्य विमा असतो. पण भाषा पक्की होईपर्यंत पदवी असूनही हाताला पडेल ते काम करावं लागतं, आणि घरभाडी जबर आहेत. इथे 2016 पासून महाराष्ट्र सरकारने यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिलाय, त्याचा उपयोग शिक्षणात होतो. फक्त पैशासाठी जाऊ नये, असं मला वाटतं.

सुरक्षेबद्दल आपण भारतात फार सुखी आहोत. यहुदी म्हणून शेजाऱ्यांनी छळल्याची आठवण आपल्या समाजात नाही. 2008 साली नरिमन हाउसवर हल्ला झाला, तो बाहेरून आलेल्यांनी केला. आपली वस्ती असलेल्या अश्दोद, अश्केलोन, बेर शेवासारख्या गावांवर मात्र रॉकेट पडतात. घर बघताना ममाद, म्हणजे सुरक्षित खोली आहे का, हे आधी विचारा. जुन्या इमारतींत ती बहुधा नसते. आणि अठराव्या वर्षी मुलालाच नाही, मुलीलाही सैन्यात बोलावणं येतं.

भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट सोडावा लागेल. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर येता-जाता येतं, राहता येतं, मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. सैन्यसेवा झालेल्यांना हे कार्ड मिळत नसे. सक्तीच्या सैन्यसेवेमुळे ते अडणार नाही, असं 2017 साली पंतप्रधानांनी तेल अवीवमध्ये जाहीर केलं. अलिबागकडे वडिलोपार्जित जमीन असेल, तर निघण्याआधी वकिलाला भेटाच.

माझं मत विचाराल, तर पाया घट्ट असलेलं तरुण जोडपं, मुलं दहाच्या आतली आणि हातात एखादा हुन्नर, अशा घराने जरूर जावं. मुलगा बारावीत असेल तर घाई करू नये. भाषा, परीक्षा आणि सैन्य एकदम अंगावर येतात. साठी ओलांडलेल्या आईवडिलांना एकटं बिऱ्हाड करायला लावून नेऊ नये. न्यायचंच असेल तर दिमोना, लोद किंवा अश्दोदसारख्या आपल्या वस्तीतच घर घ्या. तिथे जिन्यात मराठी ऐकू येते, ‘मायबोली’ हे मराठी त्रैमासिक तिथूनच निघत आलंय, आणि नवस फेडायचा असला की भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची आणि पाच फळं मांडून एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावाचा, मलिदा करायला शेजारच्या चार बायका येतात.