एचएमडीबी वापरताना: 132.1019 ची गोष्ट
पीएचडीपासून मास स्पेक्ट्रोमीटरशी (रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र) संसार चाललाय आणि एचएमडीबीचा (ह्युमन मेटाबोलोम डेटाबेस) टॅब कायम उघडा. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचं हे मानवी मेटाबोलाइट्सचं, म्हणजे शरीरातल्या चयापचयातल्या लहान रेणूंचं, ऑनलाइन भांडार 2007 मध्ये खुलं झालं. सुरुवातीला मात्र माझी चांगलीच फजिती झाली. यंत्राच्या आलेखात 132.1019 या वस्तुमानाचं पीक (टोक) दिसलं, शोधात टाकलं, ल्युसिन हे अमिनो आम्ल दिसलं, वहीत लिहून मोकळी! आयसोल्युसिनचं वस्तुमान अगदी तेच असतं, हे आठवलं ते गाईडनी भुवई उंचावल्यावर. चूक माझीच. दोन्हींची स्टँडर्ड्स (शुद्ध नमुने) कॉलममधून, म्हणजे रेणू वेगळे करणाऱ्या नळीतून, सोडून रिटेन्शन टाइम (बाहेर पडायला लागणारा वेळ) ताडून पाहिला, तेव्हा कुठे खात्री पटली.

पीकची संभाव्य नावं काढायला मला एचएमडीबीच आवडतं. बऱ्याच रेणूंचं रक्तातलं नेहमीचं प्रमाणही तिथेच मिळतं. फक्त अ‍ॅडक्ट, म्हणजे रेणूला चिकटलेला आयन, नीट निवडा. हायड्रोजनऐवजी सोडियम चिकटलेलं असू शकतं हे विसरलात तर जवळपास 22 चा फरक रात्रभर छळतो.