‘जुळवलेली जोडी’ म्हणून विकलेली रॅम: जुन्या मॉड्यूलशेजारी बसवण्यापूर्वी हे वाचा

माझ्या घरच्या संगणकात डीडीआर४-३२०० प्रकारची (३२०० हा गतीचा आकडा), प्रत्येकी ८ जीबीची दोन मॉड्यूल, म्हणजे रॅमच्या पट्ट्या, होती आणि त्यांनी कधीही त्रास दिला नव्हता. एकूण ३२ जीबी करण्यासाठी मी त्याच कंपनीची, त्याच मॉडेल क्रमांकाची, ‘नवी, जुळवलेली जोडी’ (एकत्र चालतात हे तपासून एकत्र विकलेली) अशा वर्णनाने विक्रीस ठेवलेली आणखी दोन मॉड्यूल ऑनलाइन मागवली. लेबलवरचे अक्षर न् अक्षर जुन्या मॉड्यूलशी जुळत होते. हे मुद्दाम नोंदवतो, कारण ‘वेगवेगळी रॅम एकत्र केलीत, आता भोगा’ असे मला अनेकांनी ऐकवले आहे. मी हाताला लागेल ती रॅम आणून खाचेत कोंबली नव्हती. त्या जोडीतले एक मॉड्यूल प्रत्यक्षात २४०० गतीचे आणि वापरलेले होते. नवे होते ते फक्त त्यावरचे हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारे धातूचे आवरण) आणि लेबल.

संगणक सुरू झाला आणि ३२ जीबी दिसू लागले. बहुतेकांची तपासणी इथेच संपते, आणि विकणाऱ्याला ते पक्के ठाऊक असते. जीबीचा आकडा खराच होता, खोटी होती ती गती. मदरबोर्ड सर्व मॉड्यूल एकाच वेगाने चालवतो आणि तो वेग सर्वांत मंद मॉड्यूलला झेपेल एवढाच ठेवतो. त्यामुळे या एका तुकड्यापायी माझी जुनी, निर्दोष जोडीही २४०० वर उतरली. दोन चॅनेल (रॅम आणि प्रोसेसरमधले माहितीचे मार्ग) मिळून सेकंदाला ५१.२ जीबी असलेली माहिती वाहण्याची कमाल क्षमता ३८.४ जीबीवर आली.

सीपीयू-झेड या संगणकाच्या भागांची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये मेमरीची वारंवारता १२०० मेगाहर्ट्‌झच्या आसपास दिसत होती. मी विक्रेत्याला विचारले. त्याने उत्तर दिले की हा प्रोग्राम निम्मा आकडा दाखवतो, शिवाय चारही खाचा भरल्या की बोर्ड थोडा मंदावतोच. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि तिथेच घात झाला. डीडीआर मेमरी घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते, म्हणून आकडा निम्मा दिसतो. पण ३२०० चे निम्मे १६०० होतात, १२०० नव्हेत. परत करण्याची मुदत तेव्हा शिल्लक होती. तो आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि एका भागाकाराने सारे उघडे पडले असते, हे आठवले की आजही अंगाचा तिळपापड होतो. पण खऱ्या माहितीच्या आडून खोटे सांगणाऱ्या माणसावर कोणत्याही सज्जन ग्राहकाने विश्वासच ठेवला असता, असे माझे ठाम मत आहे.

पुढे संगणक बंद पडून निळा पडदा येऊ लागला आणि झिप फाइली उघडताना सीआरसी चुका (फाइलमधली माहिती बदलली असल्याचा इशारा) दिसू लागल्या. घरगुती संगणकांत सहसा चूक दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी नसते. रॅममध्ये एखादा बिट उलटला तर तो तसाच डिस्कवर लिहिला जाऊ शकतो आणि बहुतेक वेळा कोणताही इशारा मिळत नाही. त्या काळात कॉपी केलेली छायाचित्रे बिघडली आहेत. रॅमबद्दल शंका आली की पहिल्यांदा बॅकअप घेणे थांबवा, नाहीतर चांगल्या प्रतीवर बिघडलेली प्रत चढते.

मेमटेस्ट८६+ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामने जुनी जोडी वेगळी तपासली तेव्हा एकही चूक निघाली नाही. नव्या जोडीतल्या एका मॉड्यूलवर चुकांची रांग लागली. सीपीयू-झेडच्या एसपीडी पानावर (मॉड्यूलवरच्या चिपमध्ये साठवलेली त्याची स्वतःची माहिती) एका मॉड्यूलचे उत्पादन २०२१ चे आणि दुसऱ्याचे २०१६ चे निघाले, आणि २०१६ च्या मॉड्यूलमध्ये एक्सएमपीची (जास्त गतीवर चालवण्यासाठीच्या तयार सेटिंगची) नोंदच नव्हती. अर्थात एसपीडीतली माहितीही पुन्हा लिहिता येते, तेव्हा ती बरोबर दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका.

एवढा पुरावा देऊनही विक्रेत्याचे उत्तर ठरलेले होते: जुनी रॅम सोबत लावल्याने हमी संपली. संकेतस्थळाच्या तक्रार कक्षाने ‘वस्तू पोहोचली आहे, संगणक ३२ जीबी दाखवत आहे’ असे म्हणून तक्रार बंद केली. मी चाचणीची चित्रे पाठवली, तर तेच वाक्य दुसऱ्या नावाने परत आले. कंपनीच्या सेवा विभागाने लेबलवरचा अनुक्रमांक त्या मॉड्यूलचा नसल्याचे मान्य केले, पण तसे लेखी देण्यास नकार दिला. सायबर तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्याने हा ग्राहकाचा वाद आहे असे सांगितले, आणि ग्राहक तक्रार कक्षाने बनावट लेबल हा फौजदारी विषय असल्याचे सांगून मला पुन्हा तिकडेच धाडले. दोष नव्या मॉड्यूलचा, जुन्याचा की दोहोंच्या मिश्रणाचा, हे स्वतः तपासण्याची तसदी एकानेही घेतली नाही. या संदिग्धतेवरच असे विक्रेते जगतात, आणि ज्यांनी ती दूर करायची तेच तिचा आसरा घेतात.

म्हणून जुनी मॉड्यूल काढून ठेवा आणि नवी जोडी एकटीच चालवा. पाकीट उघडतानाचे चित्रीकरण करा. हीटसिंक उपटून चिप पाहण्याचा मोह टाळा, त्याने खरी हमीही जाते. दोन्ही मॉड्यूलचे उत्पादन वर्ष आणि अनुक्रमांक टिपून घ्या.

तो विक्रेता आजही त्याच छायाचित्रांसह ‘जुळवलेली जोडी’ विकत आहे. ज्यांनी अलीकडे अशी जोडी घेतली असेल त्यांनी आज रात्रीच मेमटेस्ट लावून ठेवावी; परतीची मुदत उलटल्यावर हाती आलेला पुरावा कोणी पाहत नाही.