नीलमेड सायनस रिन्स: बाटली उत्तम, पाण्याची जबाबदारी आपली

धूळ, बुरशी किंवा गाजरगवताच्या परागांनी नाकातलं अस्तर सुजतं, सायनसची (गाल-कपाळाच्या हाडांतल्या पोकळ्यांची) बारीक तोंडं बंद होतात, शेंबूड आतच साचतो आणि त्यात जंतू वाढतात. त्यातच फ्लू झाला, तर शेंबूड पुढे ढकलणारे अस्तरावरचे सूक्ष्म केस काही काळ निकामी होतात. म्हणूनच ॲलर्जीवाल्यांची साधी सर्दी लांबते आणि दमा असेल तर छातीत उतरते. मिठाच्या पाण्यानं नाक धुण्याची ही बाटली या साखळीतल्या एकाच कडीवर, म्हणजे साचण्यावर काम करते आणि ते काम चोख करते.

किटमध्ये २४० मिलीची मऊ, दाबता येणारी बाटली, टोपण, आतली नळी आणि मीठ व खाण्याच्या सोड्याच्या मापून भरलेल्या पुड्या मिळतात. जलनेतीच्या भांड्यातून पाणी फक्त उतारानं जातं. नाक सुजलेलं असेल तर ते अडतं. इथे हाताचा हलका दाब मदतीला येतो. खिशातला सलाइन स्प्रे नाक ओलं करतो, धुऊन काढत नाही. रोजच्या ॲलर्जीसाठी आम्ही निःसंकोच बाटलीच सुचवू.

खरा धोका पाण्यात आहे. नळाचं पाणी पोटाला चालतं, नाकाला नाही. नेग्लेरिया फाउलेरी हा अमिबा नाकातून थेट मेंदूपर्यंत पोहोचतो. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात नळाच्या पाण्यानं नेती करणारे दोघे याच कारणानं दगावले. तेव्हा पाणी खळखळून उकळू लागल्यावर किमान एक मिनिट तसंच उकळू द्या आणि झाकून कोमट होऊ द्या. डिस्टिल्ड पाणीही चालतं. घरच्या आरओचं पाणी टाकीत साठून राहतं, म्हणून तेसुद्धा उकळूनच घ्या.

एका बाटलीला एक अख्खी पुडी. अर्धी टाकून पुडी पुरवू नये, कारण मीठ कमी पडलं की नाक चरचरतं आणि लोक कंटाळून बाटली कपाटात टाकतात. पाणी गार असेल तरी तसंच होतं. बेसिनवर पुढे वाका, तोंड उघडं ठेवून तोंडानं श्वास घ्या आणि बाटली हळूच दाबा. पाणी दुसऱ्या नाकपुडीतून किंवा तोंडातून बाहेर येईल. अर्धी बाटली एका बाजूनं, उरलेली दुसऱ्या. मध्येच गिळू नका, जोरात दाबू नका, नाहीतर पाणी कानाकडे जाऊन दडा बसतो. शेवटी दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलकेच शिंकरा. सायनसमध्ये थोडं पाणी उरतंच आणि नंतर ते अचानक गळतं, त्यामुळे झोपण्याआधी किमान तासभर आटोपलेलं बरं. नाक ठार बंद असेल किंवा कान दुखत असेल, तर त्या दिवशी राहू द्या.

पुड्यांचा खर्च रोज करणाऱ्याला जाणवतो. घरी करायचं तर तीन चमचे बिनआयोडीनचं साधं मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा कोरड्या डब्यात मिसळून ठेवा. २४० मिली पाण्याला यातला एक छोटा सपाट चमचा. बेकिंग पावडर मात्र नको. उरलेलं द्रावण दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. बाटली, टोपण आणि नळी साबणानं धुऊन सुटी वाळवा, आणि दर तीन महिन्यांनी बाटली बदला. नळीच्या आत काळपट थर दिसला तर तेवढंही थांबू नका. एक बाटली दोघांत वापरणं म्हणजे घरातली सर्दी वाटून घेणं. प्रत्येकाची वेगळीच हवी. मुलांसाठी १२० मिलीची छोटी बाटली मिळते.

आता फ्लूचं. एडिंबरात झालेल्या एका छोट्या चाचणीत (६६ प्रौढ, २०१९) जास्त खारट पाण्यानं नाक धुणं आणि गुळण्या यांमुळे साधी सर्दी सरासरी १.९ दिवस आधी ओसरली. हा निष्कर्ष सर्दीचा आहे, फ्लूचा नव्हे. सलग शिंका, डोळ्यांना खाज, पातळ पाणी आणि ताप नाही, असं असेल तर बहुधा ॲलर्जी. अचानक चढलेला ताप, मोडून आलेलं अंग आणि कोरडा खोकला असेल तर नाक धूत बसू नका. ओसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. दमा, मधुमेह, गरोदरपण किंवा उतारवय असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. दहा दिवसांनंतरही नाक तसंच वाहत असेल, किंवा बरं वाटून पुन्हा ताप आणि गालफडात दुखणं सुरू झालं, तर तो सायनसचा जिवाणूसंसर्ग असू शकतो. अंड्याची ॲलर्जी आहे म्हणून फ्लूची लस टाळण्याची गरज आता उरलेली नाही, हेही ॲलर्जीवाल्यांनी ध्यानात ठेवावं.

डॉक्टरांनी नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे दिला असेल तर आधी नाक धुवा, दहा-पंधरा मिनिटांनी स्प्रे मारा. उलट केलंत तर औषध बेसिनमध्ये जातं.